उत्तर आलं नाही म्हणजे शत्रू नव्हे

आमच्या त्रिमूर्तीनगरातली एक मुलगी कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये आहे. परवा तिने मला थांबवून विचारलं, "काका, बडगामला आपलंच हेलिकॉप्टर आपल्याच मिसाईलने पाडलं. एवढे रडार, एवढे कॉम्प्युटर असताना आपलं विमान आपलं आहे हे दिसत काऊन नाही? आणि चूक कोणाची धरायची?"

उभ्या उभ्या सांगण्यासारखं हे नव्हतं. मी हवाई दलात रडार फिटर होतो. नोकरीची बरीचशी वर्षं विमानातली ओळख-यंत्रणा तपासण्यात गेली, शेवटची पोस्टिंग इथे वायुसेनानगरला झाली आणि निवृत्तीनंतर नागपुरातच राहिलो. तेव्हा बेटा, तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर नीट बसून लिहितो.

आधी रडारबद्दल. रडारला झेंडा दिसत नाही. ते लहरी सोडतं, त्या धातूवर आपटून परत येतात, आणि तिकडे काहीतरी आहे, किती लांब आहे, कुठल्या दिशेला आहे, किती वेगाने सरकतंय एवढं कळतं. पडद्यावर उमटतो तो ठिपका. तो आपला की परका, हे सांगायला वेगळी यंत्रणा लागते. तिला आम्ही आयएफएफ म्हणतो. नावाचा अर्थ 'मित्र की शत्रू', आणि सगळा घोटाळा या नावापासूनच सुरू होतो.

ही यंत्रणा म्हणजे प्रश्नोत्तर आहे. जमिनीवरून १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न जातो, विमानातला ट्रान्सपॉन्डर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. नागरी विमानंही याच दोन फ्रिक्वेन्सी वापरतात. कंट्रोलरच्या पडद्यावर ठिपक्याशेजारी विमानाचा कोड आणि उंची उमटते ती यामुळेच. लष्करात त्यावर आणखी एक कुलूप असतं. प्रश्नच सांकेतिक असतो, त्याला मोड ४ म्हणत, आता मोड ५ आला आहे. ज्याच्याकडे त्या वेळची किल्ली, म्हणजे गुप्त कोड, भरलेली आहे, त्याच्याच सेटला तो प्रश्न कळतो आणि बरोबर उत्तर देता येतं.

बरोबर उत्तर आलं, तर ते विमान आपलं. इथपर्यंत यंत्र पक्कं आहे. पण उत्तर आलंच नाही तर? शत्रू असू शकतो. किंवा आपलंच विमान आहे, पण उतरायच्या गडबडीत स्विच स्टँडबायवर गेला. किल्ली कालची राहिली. विमान वळताना कललं आणि अँटेना पोटाखाली झाकली गेली. हेलिकॉप्टर टेकडीच्या आड आहे. सेट बंद पडला आहे आणि वैमानिकाला त्याचा पत्ता नाही. किंवा बिघाड विमानात नाहीच, प्रश्न विचारणाऱ्याच्या सेटमध्ये आहे. तळाजवळ गर्दी असेल, तर चार विमानांची उत्तरं एकमेकांवर चढतात. दुसऱ्याच्या प्रश्नाला आलेलं उत्तर आपल्या पडद्यावर सांडतं, त्याला आमच्या धंद्यात 'फ्रूट' म्हणतात. अशा किमान डझनभर कारणांनी शांतता पसरते, आणि त्यातलं एकच कारण शत्रू हे असतं.

म्हणजे हे यंत्र 'मित्र' म्हणू शकतं, नाहीतर गप्प बसतं. 'शत्रू' हा शब्द त्याला येतच नाही. तो शब्द माणूस बोलतो, किंवा माणसाने आधीच लिहून ठेवलेला नियम बोलतो.

तो नियमही समजून घे. विमानविरोधी तोफा आणि क्षेपणास्त्रं यांना तीन प्रकारचे हुकूम असतात. 'वेपन्स होल्ड' म्हणजे स्वतःवर हल्ला झाल्याशिवाय, किंवा स्पष्ट हुकूम मिळाल्याशिवाय डागायचं नाही. 'वेपन्स टाइट' म्हणजे शत्रू आहे हे पटल्यावरच डागायचं. 'वेपन्स फ्री' म्हणजे जे आपलं म्हणून ओळखलं गेलं नाही, ते पाडायचं. टाइट आणि फ्रीमधला फरक पुन्हा वाच. टाइटमध्ये शत्रू असल्याचा पुरावा लागतो. फ्रीमध्ये आपलं असल्याचा पुरावा लागतो, आणि तो त्या विमानाने द्यायचा असतो, स्वतःला पुरावा द्यायचा आहे हे त्याला माहीत असो वा नसो. एकदा हुकूम फ्री झाला की आपल्या विमानातला एक बंद स्विच म्हणजे मृत्युदंड. मी अतिशयोक्ती करत नाही.

आता बडगाम. २६ फेब्रुवारी २०१९ ला बालाकोट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाकिस्तानी विमानं राजौरी-पूंछच्या बाजूला आली आणि काश्मीरमधले सगळे तळ सावध झाले. त्याच वेळी श्रीनगरहून उडालेलं आपलं एमआय-१७ व्ही५ हेलिकॉप्टर हवेत होतं. हळू, खालून उडणारं, तळाच्याच दिशेने येणारं. तळाच्या संरक्षणाला लावलेल्या स्पायडर या विमानविरोधी यंत्रणेचं क्षेपणास्त्र त्यावर सुटलं. हेलिकॉप्टरमधले सहाही जण गेले, आणि खाली बडगाममध्ये एक स्थानिक नागरिक गेला. त्या सहांत आपल्या नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ४ ऑक्टोबर २०१९ ला हवाई दल प्रमुख भदौरिया यांनी जाहीरपणे सांगितलं की आपल्याच क्षेपणास्त्राने ते पडलं आणि ही आपली मोठी चूक होती. चौकशीत ओळख-यंत्रणा बंद असल्याचं आणि जमिनीवरच्या लोकांचा हेलिकॉप्टरशी ताळमेळ नसल्याचं पुढे आलं, अशा बातम्या आल्या. प्रमुखांनी उघडपणे चूक मान्य केली याचं मला मोल वाटतं. बऱ्याच देशांत असं सत्य बाहेर यायला वर्षं लागतात. ६ जून १९८२ ला फॉकलंड युद्धात ब्रिटिश युद्धनौका 'कार्डिफ'ने आपल्याच लष्कराचं गॅझेल हेलिकॉप्टर पाडलं. चार जण गेले. हेलिकॉप्टर येणार असल्याचं लष्कराने नौदलाला कळवलेलं नव्हतं, आणि आयएफएफ इतर उपकरणांत अडथळा आणतो म्हणून बंद ठेवलेला होता. घरच्यांना खरं कळेपर्यंत काही वर्षं गेली.

तुला वाटेल, डोळ्यांनी पाहिलं असतं तर चूक टळली असती. डोळ्यांनी पाहूनही घडलेला प्रसंग सांगतो. तो मी आमच्या मुलांना नेहमी शिकवायचो, कारण त्यात प्रत्येकाने आपापलं काम जवळजवळ बरोबर केलं होतं.

१४ एप्रिल १९९४, उत्तर इराक. कुर्द वस्त्यांवर इराकी विमानं येऊ नयेत म्हणून अमेरिका तिथे पहारा देत होती. अमेरिकी लष्कराची दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं अधिकाऱ्यांना घेऊन निघाली होती. अंगावर अमेरिकेचे झेंडे रंगवलेले. वर अवॅक्स विमान, म्हणजे उडतं रडार केंद्र, सगळ्यांवर नजर ठेवून. थोड्या वेळाने हवाई दलाची दोन एफ-१५ विमानं त्या भागात शिरली, आणि त्यांच्या रडारवर दोन हळू ठिपके आले. त्यांनी प्रश्न विचारला. हेलिकॉप्टरांच्या सेटमध्ये मोड १ चा, म्हणजे कुलूप नसलेला साधा लष्करी कोड होता, पण तो सीमेबाहेरचा. आत शिरल्यावर तो बदलायचा असतो हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मोड ४ चं उत्तर एका वैमानिकाला क्षणभर दिसलं आणि गेलं. अवॅक्सला विचारलं, तर तिथून पहिल्यांदा 'काही दिसत नाही' असं उत्तर आलं. अवॅक्समध्ये हेलिकॉप्टरांशी बोलणारा माणूस एक आणि लढाऊ विमानांशी बोलणारा दुसरा. दोघेही एकाच विमानात बसलेले. शिवाय हेलिकॉप्टरांचा रेडिओ वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर होता, त्यामुळे त्यांना हे संभाषण ऐकूही जात नव्हतं.

मग एफ-१५ वाले जवळून पाहायला गेले. भरधाव वेगाने शेजारून जाताना किती वेळ मिळतो? ब्लॅक हॉकच्या दोन्ही बाजूंना इंधनाच्या जादा टाक्या लावलेल्या होत्या. रशियन बनावटीच्या हिंड हेलिकॉप्टरला दोन्ही बाजूंना छोटे पंख असतात, त्यांना शस्त्रं लटकवतात. वरून, तिरकं, धूसर दिसलेल्या त्या टाक्या पंखांसारख्या वाटल्या. पुढच्या वैमानिकाने 'हिंड' म्हटलं. मागच्याने दोन्ही दिसल्याचं सांगितलं, आणि पुढच्याने त्याचा अर्थ घेतला की ओळख पटली. दोन क्षेपणास्त्रं, दोन हेलिकॉप्टरं, २६ माणसं. अमेरिकी, ब्रिटिश, फ्रेंच, तुर्की आणि कुर्द.

यात मला सगळ्यांत जास्त टोचतो तो मागच्या वैमानिकाचा शब्द. तो म्हणाला, दिसलं. समोरच्याने ऐकलं, पटलं. 'दिसलं' आणि 'पटलं' यांतलं अंतर रेडिओवर एका श्वासाएवढं असतं. आम्ही शिकवताना म्हणायचो, दुसऱ्या माणसाला तुझं ऐकून हो म्हणायला ठेवलेलं नाही. त्याने कोऱ्या डोळ्यांनी पाहायला हवं.

मग निर्णय कॉम्प्युटरवर सोडावा का? २००३ च्या इराक युद्धात ते जवळजवळ तसंच झालं. २३ मार्चला ब्रिटिशांचं टॉर्नेडो विमान कामगिरी आटोपून कुवेतमधल्या तळावर उतरत होतं. विमानं आणि क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या अमेरिकी पॅट्रियट यंत्रणेच्या कॉम्प्युटरने त्याचा उतरता मार्ग पाहून ठरवलं की हे रडारवर झेपावणारं क्षेपणास्त्र आहे. टॉर्नेडोचा ट्रान्सपॉन्डर उत्तर देत नव्हता. बहुधा त्याचा वीजपुरवठा गेला होता आणि विमानातल्या दोघांना तसा इशारा मिळाला नाही. इकडे पॅट्रियटच्या तुकडीकडे मोड १ चे कोड भरलेले नव्हते, आणि तिचा वरच्या केंद्राशी नीट संपर्कही नव्हता. ते दोघेही गेले. एक-दोन दिवसांत उलट प्रकार झाला: पॅट्रियटच्या रडारने अमेरिकेच्याच एफ-१६ वर रोख धरला, तेव्हा त्या वैमानिकाने त्या रडारवर क्षेपणास्त्र सोडलं. सुदैवाने कोणी मेलं नाही. २ एप्रिलला पॅट्रियटने नौदलाचं एफ/ए-१८ पाडलं, त्याचा वैमानिक गेला. आणि लक्षात घे, त्या युद्धात इराकचं एकही लढाऊ विमान लढायला उडालंच नाही. आकाशात फक्त मित्रांचीच विमानं होती, तरी कॉम्प्युटरला त्यांत शत्रू सापडला. हे जुनं झालं असं समजू नकोस. २२ डिसेंबर २०२४ ला तांबड्या समुद्रात 'गेटिसबर्ग' या अमेरिकी युद्धनौकेने आपल्याच ताफ्यातलं एफ/ए-१८ पाडलं. विमानातले दोघे उडी मारून वाचले.

मला कोणी विचारलं की यावर औषध काय, तर मी यंत्राचं नाव दुसरं घेतो. पहिलं नाव घेतो वेळ आणि वाटेचं.

नागपूरच्या जुन्या लोकांना रात्रीच्या डाक विमानांची आठवण असेल. १९४९ मध्ये सुरू झालेली ती सेवा. रात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून चार विमानं निघायची, मध्यरात्रीनंतर सोनेगावला एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत परत आपापल्या गावी. अंधारात चार दिशांनी येणाऱ्या विमानांत कोणतं कोणाचं हे ओळखायला इथे कुठली सांकेतिक किल्ली नव्हती. पण कोणत्या दिशेने, किती वाजता, किती उंचीवर कोण येणार हे वहीत लिहिलेलं होतं. वेळेवर आणि वाटेवर आलेलं विमान निम्मं ओळखलेलं असतं. युद्धात यालाच सुरक्षित मार्गिका म्हणतात: ठरलेली वाट, ठरलेली उंची, ठरलेली वेळ. मात्र ही माहिती शेवटच्या तोफेवर बसलेल्या शिपायापर्यंत पोचली तरच तिचा उपयोग.

ती पोचली नाही की काय होतं ते ११ जुलै १९४३ च्या रात्री सिसिलीत दिसलं. १४४ अमेरिकी वाहतूक विमानं छत्रीधारी सैनिक घेऊन आपल्याच आरमारावरून आणि आपल्याच फौजेवरून येत होती. मार्ग ठरलेला होता, सूचना गेल्या होत्या. पण दिवसभर जर्मन विमानांनी त्याच किनाऱ्यावर बॉम्ब टाकले होते, दारूगोळ्याचं एक जहाज सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उडालं होतं, आणि सूचना सगळ्या तोफांपर्यंत गेल्या नव्हत्या. पहिल्या काही विमानांवर कोणी गोळी झाडली नाही. मग कुठल्यातरी एका तोफेने सुरुवात केली आणि सगळा किनारा पेटला. २३ विमानं पडली. तोफेवरच्या त्या पोरांना मी दोष देऊ शकत नाही. दिवसभर वरून मृत्यू बरसल्यावर रात्री वरच्या आवाजाला कोण मित्र समजेल? पुढच्या वर्षी नॉर्मंडीत उतरताना यावरून धडा घेतला गेला. दोस्तांच्या बहुतेक विमानांच्या पंखांवर आणि अंगावर काळे-पांढरे रुंद पट्टे रंगवले, तीन पांढरे आणि दोन काळे, तेही अगदी शेवटच्या एक-दोन दिवसांत, गुपित फुटू नये म्हणून. साधा रंग आणि ब्रश.

रंगही नेहमी वाचवतो असं नाही. बांगलादेश युद्धात १० डिसेंबर १९७१ ला खुलन्याकडे आपल्या नौदलाची 'पनवेल' आणि मुक्तिवाहिनीच्या 'पद्मा' व 'पलाश' या गनबोटी चालल्या होत्या. नेतृत्व आपल्या कमांडर मोहन सामंत यांचं, ज्यांना पुढे महावीर चक्र मिळालं. ओळखीसाठी बोटींना वरून दिसेल असा पिवळा रंग दिला होता आणि हवाई दलाला तसं कळवलं होतं. तरीही आपल्याच विमानांनी पद्मा आणि पलाशवर हल्ला केला. पलाशवरचे रुहुल अमीन त्या दिवशी गेले. बांगलादेशाने त्यांना सर्वोच्च किताब 'बीर श्रेष्ठ' दिला. निरोप आणि रंग दोन्ही असून हे झालं. म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये, वाट, वेळ, रंग, रेडिओ आणि आयएफएफ हे सगळं एकावर एक रचावं, असं मी म्हणतो. एक थर फाटला तर दुसरा धरतो.

आता चूक कोणाची. कळ दाबणारा समोर दिसतो, म्हणून आपण त्याच्याकडे बोट दाखवतो. बेफिकिरी असेल तर शिक्षा व्हायलाच हवी, यात मला शंका नाही. पण त्याच्या हातात तो क्षण येईपर्यंत कोणीतरी कोड कळवलेला नसतो, कोणीतरी फोन केलेला नसतो, कोणीतरी हुकूम फ्री करून ठेवलेला असतो, आणि कोणीतरी माझ्यासारखा विमानाच्या कागदावर सही करून मोकळा झालेला असतो. तुला हे शेवटचं सांगायला मी एवढा वेळ घेतला.

पश्चिमेकडच्या एका तळावर होतो तेव्हाची गोष्ट. एका वाहतूक विमानाबद्दल तक्रार यायची की उजवीकडे वळताना उत्तर जातं. मी तीनदा तपासलं. टेस्ट सेट विमानाशेजारी ठेवायचा, प्रश्न पाठवायचा, उत्तर झकास यायचं. तिसऱ्यांदा मी विमानाच्या दुरुस्ती-नोंदीच्या फॉर्म ७०० वर 'तपासलं, दोष आढळला नाही' असं लिहून सही केली. सीमेवर तणावाचे दिवस होते, सगळे ताठ होते. एका संध्याकाळी तेच विमान हवामानामुळे ठरलेली वेळ चुकवून, ठरलेल्या वाटेच्या थोडं बाजूने परत यायला लागलं. वळताना त्याचं उत्तर गेलं आणि परत आलंच नाही.

रडारवर जो कंट्रोलर बसला होता, त्याच्यासमोर एक गप्प ठिपका होता, न ठरलेल्या वेळेचा, न ठरलेल्या वाटेचा. त्याने दुसऱ्या दिवशी मला सगळं सांगितलं. त्याने आधी फोन उचलून आमच्या फ्लाइट ऑफिसला विचारलं, तुमचं कोणी बाहेर राहिलंय का? पलीकडच्याने वही पाहून सांगितलं, हो, एक आहे. मग त्याने रेडिओवर त्या विमानाला नावाने हाक मारली आणि सांगितलं, डावीकडे ३० अंश वळा. मग पडद्याकडे पाहत राहिला. रडार एकदा फिरलं, दोनदा फिरलं, आणि तिसऱ्या फेरीला ठिपका डावीकडे वळला.

त्याच रात्री आम्ही ते विमान डिस्पर्सलवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, उभं करून इंजिनं चालू ठेवली आणि मी पोटाखाली जाऊन खालच्या अँटेनाची केबल हाताने धरली. कनेक्टरमध्ये ओल शिरून हिरवा गंज चढला होता. इंजिन बंद असताना तो टेकत होता आणि थरथर सुरू झाली की सुटत होता. मी तिन्ही वेळा इंजिन बंद ठेवूनच तपासलं होतं.